वीतभर खाली आलेलं छत

“आता उघडा डोळे, बाबा!”

शालिकरामनं डोळे उघडले आणि आधी वर पाहिलं. नव्या जागी गेलं की माणसं भिंती पाहतात, खिडक्या पाहतात. शालिकराम छत पाहायचा. एकतीस वर्षांची सवय होती ती.

छत वीतभर खाली आलं होतं.

“फॉल्स सीलिंग केलं,” अपेक्षा म्हणाली. सुनेचा चेहरा नुसता फुलला होता. “अन् ही भिंत पाहा. चारकोल ग्रे म्हणतात याले. पडदे इतके जाड आहेत का दुपारी बी उन्हाची तिरीप येणार नाही. लहान खोली कोझी कशी करायची, महिनाभर फोनवर तेच पाहून राहिली होती मी. सांगा ना, कशी वाटते?”

बायको, पंचफुला, वारली तेव्हा मुलानं, रोहितनं, बापाला सावनेरहून मनीषनगरच्या या फ्लॅटवर आणलं. वर्षभर शालिकराम हॉलमधल्या सोफ्यावर झोपला. आता दोन आठवडे गावी जाऊन आला, तेवढ्यात सुनेनं हे सगळं गुपचूप उभं केलं होतं. कोळशासारखी भिंत, छताच्या कडेत लपवलेले पिवळे दिवे, पलंगाच्या दोन्ही अंगांना तारेवर लोंबणारे दोन बल्ब. पायाखाली मऊ गालिचा. नव्या चौकटीत पंचफुलाचा फोटो. एकेक वस्तू जीव लावून ठेवलेली.

“मस्त आहे,” शालिकराम म्हणाला.

“बस, एवढंच? चला, जेवा अन् आडवे व्हा. आजपासून ही तुमची हक्काची खोली. मी उठवल्याशिवाय उठायचं नाही, सांगून ठेवते!”

मी इथं नाही झोपत बेटा, एवढंच म्हणायचं होतं. पण जो माणूस एकतीस वर्षं भुईच्या पोटात उतरला, त्याला मऊ गादीची भीती वाटते हे सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि या पोरीचा उतरलेला चेहरा पाहायचा कसा?

तो आडवा झाला.

कोळशाच्या खाणीत तो ड्रेसर होता. सुरुंग उडाला, धूर बसला, की सगळ्यांच्या आधी तो आत शिरायचा. लांब लोखंडी सब्बलीनं छत ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. धड छत घंटेसारखं वाजतं, सुटलेलं छत ढोलासारखं. त्यानं ‘या’ म्हटलं की मगच बाकीचे यायचे. तिकडे वर, घरी, पंचफुला भाकर थापता थापता गुणगुणायची:

दिस आला माथ्यावरी, धनी माझा भुईपोटी
येऊ दे गं भुई त्याले, भरीन मी तुझी ओटी

भुईनं प्रत्येक वेळी त्याला वर येऊ दिलं. त्याला.

डोळा लागतो न लागतो तोच लाईट गेली. एसी बंद पडला. भर दुपारी खोलीत असा अंधार भरला की स्वतःचा हात दिसेना. आणि मग वर, अगदी डोक्यावर, आवाज झाला. कट्.

खाणीत छताला दिलेला लाकडी टेका मोडण्याआधी असाच बोलतो.

शालिकराम ताडकन उठला. चाचपडत कोपऱ्यातला पडद्याचा उरलेला दांडा त्यानं हाती घेतला आणि छत ठोकलं. ढब. दोन पावलं सरकून ठोकलं. ढब. दाराजवळ, खिडकीजवळ, पलंगावर. ढब, ढब, ढब. हे पातळ बोर्डांचं नकली छत आहे, पोकळच वाजणार, हे त्याच्या डोक्याला कळत होतं. पण कानाला कोण समजावणार? तो ठोकतच राहिला.

दार उघडलं. उन्हासाठी हॉलचेही पडदे ओढलेले होते; अंधारात मोबाईलचा दिवा पुढे आला.

“बाबा, लाईट गेली वाटते. हे काय ठोकून राहिले तुम्ही?”

“मागं हो! आत नको येऊ! भाग!”

त्यानं तिचं मनगट धरलं आणि ओढत निघाला. हॉल, जेवणाचं टेबल, सोफा, थेट गॅलरीत. मोबाईल पडला, बांगडी फुटली. मे महिन्याचं ऊन दोघांच्या अंगावर कोसळलं.

“बाबा, सोडा! मले दुखून राहिलं!”

तेव्हा कुठे त्यानं हाताकडे पाहिलं. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तिच्या गोऱ्या मनगटावर पाच वळ उठले होते. तो मटकन खाली बसला. फरशी तव्यासारखी तापली होती, तरी उठला नाही.

“धम्मानंद होता एक,” तो म्हणाला. “माझ्या जोडीचा. मी छत ठोकलं बेटा, चांगलं वाजलं. टणटण वाजलं. मी म्हटलं, ये गा धम्मा. तो आला. ‘आज डब्यात काय आहे गा?’ एवढंच इचारलं त्यानं, अन् छत आलं खाली.”

अपेक्षा त्याच्याजवळ बसली. “मग चौकशी झाली असंल ना? तुमची चूक—”

“नाही निघाली. कागदावर नाही निघाली. पण ‘ये’ तं मीच म्हटलं होतं ना वं.”

“आईले माहीत होतं?”

“तिले सांगितलं असतं, तं तिनं मले दुसऱ्या दिवशी खाली उतरू दिलं असतं का?” त्यानं डोळे पुसले. “रोहितले नको सांगू. त्याले वाटते, आपला बाप कोणालेच भेत नाही.”

संध्याकाळी रोहित आला तो चपला काढता काढताच विचारत. “काय बाबा, लागली का झोप? राजासारखी खोली करून देल्ली तुमच्या सुनेनं!”

शालिकरामचा जीव कानात गोळा झाला. हातांची थरथर अजून थांबली नव्हती. हात त्यानं मांडीखाली दाबले.

“तिथं नाही झोपणार बाबा,” स्वयंपाकघरातून अपेक्षा म्हणाली. “एसीनं गुडघे धरले त्यांचे. गॅलरीत पलंग टाकू त्यांचा, कूलर लावू. ती खोली आपण घेऊ.”

“आता गं? महिनाभर तं डोकं खाल्लं माझं—”

“माझंच चुकलं. आधी इचाराले पाहिजे होतं.”

“अन् हाताले काय झालं तुझ्या?”

“दारात अडकला.” तिनं कुर्त्याची बाही खाली ओढली आणि चहाचा ट्रे आणला.

रोहितचा कप काठोकाठ भरला होता, तिचाही. शालिकरामचा कप तिनं अर्धाच भरला होता.

त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला. थेंबही सांडला नाही.