चौथा धप्

धपका हा नाचाचा नवा ठेका कुठून आला, यावर आता शहाणे लोक तासन्‌तास बोलतात. कुणी म्हणतं कॉम्प्युटरातून, कुणी म्हणतं क्लबांतून. सगळी थापेबाजी. हे संगीत माझ्या पायाखालून आलं, माझ्या पॉवर प्रेसच्या पेडलातून.

आम्ही पत्र्याची झाकणं कापतो. पत्रा सरकवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचं. माझ्या पेडलची स्प्रिंग गंजलेली. दाबलं की कुई करते. मग प्रेस पडतो, धप्. माझा धाकटा भाऊ रेडिओ-स्पीकर दुरुस्त करतो, घरी त्याला खुडबुड्या म्हणतात. एकदा किल्ली न्यायला वर्कशॉपात आला आणि माझ्या मशीनजवळ फोन धरून आवाज भरून घेऊन गेला. त्यातला एक तुकडा कुईसकट कापला, गोल गोल फिरवत ठेवला, खाली छातीत घुमणारा बास घातला आणि जुन्या गोदामात पोरांच्या नाचाला वाजवला. पोरं वेडी झाली.

रविवारी दुपारी त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "ताई, ऐक. इथे... इथे सगळे उड्या मारतात!"

कुई-धप्. कुई-धप्. कुई-धप्. धप्.

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"परत लाव."

"आवडलं ना? मी म्हटलंच होतं..."

"परत लाव, गाढवा! हा शेवटचा धप् तू घातलास?"

"छे! तुझ्याच मशीनचा आहे. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये एकदाच सापडला. तोच तर जीव आहे गाण्याचा."

चौथ्या धप्‌च्या आधी कुई नव्हती. म्हणजे माझा पाय पेडलवर नव्हता. प्रेस आपणहून पडला होता. तेव्हा मी नवा पत्रा उचलायला वळले असेन, म्हणून आज हे लिहायला बोटं आहेत. त्या गोंगाटात, कानांत बोळे घातलेले, मला पत्ताच नव्हता.

शेजारच्या प्रेसवरच्या मावशींच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. आधी त्या माझ्याच मशीनवर बसायच्या. तेव्हा मुकादम म्हणाला होता, बाईचा पाय चुकून पडला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनीसुद्धा.

सोमवारी मी हात काखेत दाबून कामावर गेले. मुकादमाच्या कानाला फोन लावला.

"गाणं आहे हे," तो म्हणाला. "नाचू का?"

"मशीन बंद करा. पेडल न दाबता प्रेस पडतोय, क्लच उघडून बघा."

"तुझ्या भावाच्या ढिंगचॅकवर मशीन बंद करू? मालक मला उभा चिरेल."

"मग मी बसत नाही."

"नको बसूस. घरी जा, दुसरी बघतो." मग काय मनात आलं कुणास ठाऊक, स्वतःच माझ्या स्टुलावर बसला. "ही बघ, गरीब गाय आहे."

कुई-धप्. कुई-धप्. माझे डोळे त्याच्या बोटांवर. त्याने ऐटीत पायावर पाय टाकला, माझ्याकडे बघून हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं!" आणि कापलेलं झाकण काढायला हात पुढे केला.

धप्.

कुई झालीच नाही.

त्याच्या शर्टाची बाही डायच्या साच्यात अडकली होती. बोटं बाहेर होती, सगळी. तो त्यांच्याकडे दुसऱ्याची असल्यासारखा बघत राहिला.

"पाय चुकून पडला असेल, साहेब," मावशी म्हणाल्या.

दुपारपर्यंत मशीनचा पट्टा उतरवून ते बंद केलं. माझी नोकरी राहिली, बोटंही राहिली. आता धपका दुकानांत वाजतो, जिममध्ये वाजतो, पोराटोरांच्या फोनांत वाजतो. चौथ्या धप्‌ला सगळे हात वर फेकतात. मी माझे आत ओढून घेते.

"ताई, आता तरी नाच की," खुडबुड्या म्हणतो.

कशी नाचू? मालकाने ते मशीन मोडीत काढलं नाही. हिरवा रंग मारला, पेडलला तेल घातलं आणि विकलं. कुणाला, ते सांगत नाही. आता तर ते कुईसुद्धा करत नसेल.