गोड्या बावेचे अश्रू

खाडीकाठच्या मुर्धा गावातल्या गोड्या बावेभोवती त्या अमावास्येला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बाव म्हणजे विहीर. नळ नव्हते त्या काळात अख्खं गाव, आसपासच्या मिठागरांवर राबणारे कामगार आणि खाडीतून परतणारे कोळी याच बावेचं पाणी प्यायचे. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध हे गोड, म्हणून नाव गोडी बाव. घराघरांत नळ आल्यावर तिच्याकडे ढुंकून कुणी बघेना. काठावर पिंपळाची रोपं उगवली, आत प्लास्टिकच्या पिशव्या तरंगू लागल्या. आणि आता अचानक शहरातल्या इंद्रलोक वसाहतीपासून काशीगावापर्यंतची माणसं रिक्षा करकरून तिच्या दर्शनाला येत होती.

काठावर भगवी कफनी, काळा गॉगल आणि कानाला माइक लावून सागरनाथ महाराज उभे होते. कफनीला नीट इस्त्री होती. वैराग्यालाही हल्ली इस्त्री लागते. पाण्यावर पितळेची थाळी, थाळीत पेटती पणती. दुपार डोक्यावर आली तशी थाळी हळूहळू वर येऊ लागली.

"देखो भक्तजनहो, देखो!" महाराज गरजले. "पंप आहे का? मोटर आहे का? किसीने हाथ लगाया? आई स्वतः वर येतेय! तुम्ही तिला विसरलात, पण ती तुम्हाला विसरली नाही. हे पाणी नाही, हे आईचे अश्रू आहेत. म्हणूनच खारट लागतात. अश्रू कधी गोड असतात का? बोला!"

"नाही!" गर्दी ओरडली.

"बीपी, शुगर, किडनी, हार्ट, सगळ्यावर एकच औषध. सकाळ-संध्याकाळ एक पेला!"

थाळी वरच्या पायरीला टेकली. बायकांनी हात जोडले, पोरांनी मोबाइल उंचावले. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या सुरुचीला मात्र त्या थाळीशी काही देणंघेणं नव्हतं. तिची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या बापावर होती. लीलाधर तांडेल स्टीलचा पेला पुढे करून बसला होता आणि त्याचे पाय घोट्यापाशी भाकरीसारखे फुगले होते.

सुरुची शाळेत विज्ञान शिकवायची. माहेर मुर्ध्याचं, संसार इंद्रलोकात. बापाचं हृदय कमजोर झालं होतं, छातीत पाणी साठायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ बंद म्हणजे बंद. तिने बापाच्या घरातली मिठाची बरणी उचलली, सुकट, बोंबील, लोणचं सगळं शेजारी वाटून टाकलं. आयुष्यभर दर्यावर जगलेला माणूस अळणी डाळ-भात गिळू लागला. तरी सूज उतरेना. गोळ्या वाढवल्या, तरी धाप कमी होईना. डॉक्टर तिच्यावरच वैतागले, "मॅडम, मीठ कुठून तरी जातंय." ते कुठून जातंय हे तिला आज दिसलं.

घरी परतल्यावर तिने पेला हिसकावून घेतला. "बाबा, हे विष आहे तुझ्यासाठी. तुला चाखून कळत नाही? खारं पाणी आहे हे."

"आसू हायेत," म्हातारा म्हणाला. "तुझी आय बारा म्हयने त्याच बावेवर पानी भरायची. लगीन होऊन आली तवापासून. म्हाराज बोलला, ज्या बायांनी हितं पानी भरलं, त्या समद्यांचे आसू हायेत त्याच्यात."

सुरुचीची आई इंदुबाई गेल्याला दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून बापाने जाळ्याला हात लावला नव्हता की धड कुणाशी बोलला नव्हता. या पाण्यामुळे तो पुन्हा सकाळी उठून आंघोळ करू लागला होता, सदरा घालून बाहेर पडू लागला होता. पेला ओतून द्यायचा म्हणजे बायकोची भेट त्याच्या हातून काढून घ्यायची होती. तिला रडू फुटलं, पण पेला तिने मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी म्हातारा पुन्हा रांगेत जाऊन बसला आणि मुलीने आसू मोरीत ओतल्याचं शेजारच्याला सांगू लागला.

मग सुरुचीने बावेमागची वाट धरली. बाव आणि खाडी यांच्या मध्ये पूर्वी मिठागर होतं आणि मिठागराला मातीचा जाडजूड बांध होता. गावातले लोक दर वर्षी तो चिखलाने लिंपायचे. तो बांध होता म्हणून खाडी खाडीत आणि गोडं पाणी बावेत राहायचं. मिठागर बंद पडलं, तसं लिंपणही बंद झालं. अलीकडे एका टॉवरसाठी तिथे बांधकामाचं डबर टाकून भराव घातला होता आणि यंत्रांनी बांध मधोमध फोडला होता. सुरुची तिथे पोचली तेव्हा भरती चढत होती. फुटक्या बांधातून खाडीचं पाणी आत शिरत होतं आणि डबराच्या ढिगाखाली, बावेच्या दिशेने, खळखळ करत नाहीसं होत होतं.

बावेतलं पाणी कुठून चढतं ते तिला डोळ्यांनी दिसलं. चमत्कार उलगडला याचा आनंद तिला झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावाची तहान भागवणारी बाव मेली होती, आणि लोक तिच्या मढ्याला हार घालत होते.

तिने फोनवर चित्रण करून गावातल्या चार जणांना पाठवलं आणि इंद्रलोकातल्या शेजारणीला, हेमालीला दाखवलं. हेमाली रोज सासूसाठी बाटली भरून न्यायची.

"सुरुचीबेन, तुम तो टीचर हो, तुम्हें सब में सायन्स दिखता है," हेमाली म्हणाली. "पाणी तर दररोज वेगळ्या टाइमला येतं. महाराज आधीच सांगतात आणि बराबर तेव्हाच येतं. कसं काय?"

"भरतीसुद्धा रोज वेगळ्या वेळेला येते, हेमाली. तिच्या वेळा कुणालाही मोबाइलवर मिळतात."

"तो फिर गाँव के मच्छीमार क्यों नहीं बोलते? त्यांना तर भरती कळते ना?"

हेमालीचं खरं होतं. मुर्ध्यातलं शेंबडं पोरही उधाण कधी आणि भांग कधी हे सांगेल. अमावास्या-पौर्णिमेला पाणी फुगतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास मंदावतं ती भांग. आणि सुरुचीच्या बापाला तर तिथी कळली की घड्याळ लागायचं नाही. ही सगळी माणसं बावेच्या काठावर हात जोडून मुकी का झाली होती?

पुढच्या रविवारी महाराजांनी महासोहळा ठेवला. कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांना दुपारीच सवड होती, म्हणून देवीलाही दुपारीच सवड काढावी लागणार होती. मंडप पडला, ढोल आले. थाळीत पणतीऐवजी चांदीचं निरांजन ठेवलं. गर्दी अमावास्येच्या दुप्पट जमली.

"आई आता येणार!" महाराज म्हणाले. ढोल वाजले. थाळी खाली पाण्यावरच निपचित राहिली. पुन्हा ढोल वाजले. महाराजांनी गॉगल काढून आत डोकावून पाहिलं. पाणी वर येणं तर सोडाच, अजून खाली चाललं होतं. पाहुणे मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागले.

"थांबा!" महाराजांनी हात वर केला. "आई रागावलीय. तुमच्यातल्या कुणाच्या तरी मनात खोट आहे. कौन है वो? आई मला दाखवतेय... ती! ती बाई! आईचे अश्रू मोरीत ओतणारी!"

त्यांचं बोट सुरुचीवर रोखलं होतं. माना वळल्या. "हिनेच तो व्हिडिओ काढलाय," मागून कुणी ओरडलं. एका बाईने तिचा दंड धरला, "माफी माग, नाक घास बावेवर!" धक्काबुक्की सुरू झाली. सुरुचीची ओढणी खांद्यावरून खेचली गेली. तिने वळून बापाकडे पाहिलं. तो हातातल्या पेल्याकडे बघत बसला होता.

मग तो उठला. उठताना त्याला दोनदा टेकावं लागलं.

"सोडा तिला," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण गावातल्या जुन्या माणसांनी तो ओळखला आणि ती बाजूला झाली. "आज तिथी काय हाय? अष्टमी. अष्टमीला भांग असते. भर दुपारी सुकती, पानी भायेर चाललंय. आता ढोल फोडलेत तरी येनार न्हाय. दिवस मावळताना येल, नि ते बी जेमतेम."

"काका, ही देवीची बाव आहे, तुमची खाडी नाही," महाराज कसेबसे हसले.

"खाडीच हाय ती," लीलाधर म्हणाला. "तोंडात घेतली त्याच दिवशी मना कललं. पन्नास वर्सं ती चव माझ्या तोंडात हाय."

गर्दी कुजबुजली. पाहुणे गाडीत बसून निघून गेले. काही लोक महाराजांच्या नावाने बोटं मोडू लागले, काही अजून हात जोडून होते. "संध्याकाळपर्यंत थांबा," सुरुचीने सगळ्यांना सांगितलं. "पाणी आलं तर कुणाच्या हुकमाने येतंय ते आपण सगळे मिळून बघू." जे थांबले त्यांना ती बांधाच्या भगदाडापाशी घेऊन गेली. दिवस कलला तसं खाडीचं पाणी थांबलं, फिरलं आणि डबराखाली शिरू लागलं. माघारी येऊन बघतात तो बावेतली थाळी टीचभर वर आली होती. ना ढोल, ना मंत्र. महाराज तर केव्हाच मंडपामागून पसार झाले होते.

त्या संध्याकाळी बापलेक बावेच्या काठावर बसून राहिले.

"बाबा, तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"आंगाला ठाऊक होतं गो. मनाला नको होतं." म्हातारा पाण्याकडे बघत होता. "भरती हाय असं म्हटलं असतं, तर बाव मेली असं म्हनावं लागलं असतं. आमी बांध लिंपायचं सोडलं, तो फोडला तवा बी गप बसलो. देवी आली म्हटल्यावर बरं वाटलं. कुनालाच काय बोलावं लागलं न्हाय." मग तो म्हणाला, "इंदू गेली तवा बी तू बोललीस, बाबा, आय गेली. नि मी तुला खोल्लीच्या भायेर काढली. आठवतं?"

सुरुचीने त्याचा सुजलेला हात हातात घेतला. दोघंही मोकळेपणाने रडले.

पण आठवडेच्या आठवडे पोटात गेलेल्या त्या पाण्याने आपलं काम केलं होतं. लीलाधरला इस्पितळात हलवलं, छातीतलं पाणी काढलं, हृदय काही सावरलं नाही. पंधरवड्याच्या आत तो गेला. शेवटी शेवटी तो शुद्धीत यायचा तेव्हा एवढंच विचारायचा, "बांध लिंपला का गो कुनी?"

तेराव्याला घर भरलं होतं. वाढता वाढता एक नात्यातली बाई दुसरीच्या कानात बोलली, पण मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "देवीला खोटं पाडलं ना भर मंडपात. नेलंन् तिने लगेच." आणि दुसरीने मान डोलावली.

सुरुचीने हातातलं भांडं खाली ठेवलं. बाप गेला होता आणि त्याच्या मरणाचाही पुन्हा चमत्कार होऊ घातला होता. ती ओरडली नाही. उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"माझ्या बाबाला देवीने नेलं नाही. त्याला मिठाने नेलं, आणि ते मीठ आपण हात जोडून त्याला पाजलं. तुम्हाला देव मानायचा तर माना, मी आड येत नाही. पण तोंडात जे घालता त्याची चव तर घ्या. खारं लागलं तर खारं म्हणा. पाणी का चढतं ते विचारा, चार दिवस थांबून बघा, औषध डॉक्टरला विचारून घ्या. माझ्या बाबाला सगळं कळत होतं. दुःख होतं म्हणून तो गप्प बसला. दुःखात माणूस कशालाही धरतो आणि असले महाराज नेमके तिथेच दुकान मांडतात. तुमच्या घरात कुणी गप्प बसलं असेल, तर त्याला गप्प राहू देऊ नका."

पुन्हा पंगत सुरू झाली. कानात बोलणारी बाई पटली की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

हेमाली मागच्या दाराशी उभी होती. तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, बोट बुडवून जिभेला लावलं. एवढ्या दिवसांत तिने ते पाणी स्वतः कधी चाखलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

"सुरुचीबेन," ती हळूच म्हणाली, "मम्मीजींचे पाय पण सुजलेत. मला वाटलं, उन्हाने. तुमचे ते डॉक्टर आज बसतात का?"

सुरुचीने डोळे पुसले, पायात चपला घातल्या आणि ती तिच्याबरोबर निघाली.