मकडीमागे धाववलेली चप्पल

मी रुखमिणीच्या उजव्या पायातली चप्पल बोलतेय. चपलेनं पायाखाली राहावं आणि गप्प राहावं, एवढंच शिकून मी कारखान्यातून बाहेर पडले होते. पण एकोडी गावातल्या या घरात माझ्याकडून जे करवून घेतलं, त्यानं माझं डोकं फिरलंय. चपलेला कुठलं आलंय डोकं, असं म्हणाल. माणसाला असतं ना? त्याचा काय उपयोग झाला, ते ऐका.

साकोलीच्या बाजारात रुखमिणीनं मला दोनदा वाकवून पाहिलं आणि मगच पायात घातलं. टाचेला भेगा होत्या, पण पाऊल हलकं होतं. शेतात गेली की मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नीट काढून ठेवायची. मी कधी उलटी पडले तर लगेच सरळ करायची. उलट्या चपलेनं घरात भांडण होतं म्हणे.

तिच्या नवऱ्याचं, सोमाजीचं, माझ्याशी वेगळंच नातं. मकडी दिसली की उचल चप्पल! कोळ्याला इकडे मकडी म्हणतात. त्यामुळे या घरातल्या मकड्यांचे सगळे पत्ते मला पाठ झाले. कॅलेंडरच्या मागे एक चपटी, मोठ्या पायांची. न्हाणीच्या कोनाड्यात लांब काटकुळ्या. मागच्या अंगणात छपरावरून उतरवून ठेवलेल्या कवेलूंच्या थप्पीत काळ्या, सरपणात तपकिरी, आणि भाताच्या तणसाच्या ढिगात तर त्यांचं गावच.

विष असतं त्यांच्यात, नाही कशाला म्हणू? थप्पीत न बघता हात घातला तर चावतीलही. पण त्यांचं विष झुरळापुरतं, माशीपुरतं. माणसाला शोधत कुणी येत नाही. माणूसच चप्पल घेऊन त्यांना शोधत जातो.

पोळा झाला आणि धुऱ्यावर गवत कमरेएवढं वाढलं. रुखमिणी म्हशीसाठी गवत कापायला गेली. दमली, मला काढलं आणि तिथंच गवतात टेकली. ओरडली नाही, दचकली नाही. पुढं काही दिवसांनी तिला ताप भरला. कमरेला, लुगड्याच्या गाठीजवळ, बिडीचा चटका लागावा तसा काळा डाग दिसला. दुखत नव्हता, खाजत नव्हता.

शेजारचे दादाजी आले. डाग पाहिला न पाहिला आणि निकाल दिला.

"मकडीच चावली हे. ते मकडी जिती हाये तोवरी जहर उतरत नाही, सोमाजी. पयले तिले मार."

झालं! डागावर आमचूर कालवून लावलं आणि सोमाजीनं मला उचललं. कॅलेंडर फाडलं. न्हाणी धुऊन काढली. कवेलूंची थप्पी अख्खी मोडली. एका मकडीनं पोटाखाली टिकलीएवढी पांढरी पिशवी धरली होती, तीत तिची अंडी. तिच्यावरही मलाच आपटलं. ती माझ्या तळाला चिकटून राहिली. मला शिसारी आली, आणि संतापही.

आत खाटेवर रुखमिणी कण्हत होती. "अवो, मले दवाखान्यात न्या ना. डोकं फुटून राहिलं."

"नेतो ना वं! ते मकडी तं सापडू दे."

रोज हेच. सकाळी सरपण, दुपारी तणस. मकड्या मरत होत्या आणि ताप चढत होता. अरे, बायकोचं अंग तापलंय आणि तू ढीग उपसतोस? मला हातात घेण्याऐवजी तिच्या पायात घातलं असतंस, तर मी तिला रस्त्यापर्यंत तरी नेलं असतं!

शेवटी ती बरळायला लागली, तेव्हा गाडी बोलावली. दवाखान्यात मी दाराशी पडले होते. डॉक्टरांनी डाग पाहिला आणि ते सोमाजीवर भडकलेच.

"हा मकडीचा चावा नाही. गवतातल्या किड्याचा आहे, डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. स्क्रब टायफस म्हणतात या तापाला. ताप आला तेव्हाच आणलं असतं, तर गोळ्यांवर भागलं असतं."

सोमाजी खाली बघत "हो साहेब" म्हणाला. हे शब्द त्यानं ऐकले आणि मी ऐकले. रुखमिणी शुद्धीत नव्हती. ती परत आलीच नाही. मी आले, पिशवीत.

तिची मुलगी मोना कोंढ्याहून आली. रडून रडून तिनं विचारलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणे?"

"काय म्हणन? मकडीचं जहर अंगभर गेलं होतं."

खोटारडा! खरं सांगितलं तर ते दिवस कुणी घालवले, हेही सांगावं लागलं असतं ना! गावानंही मान डोलावली आणि घरोघरी चपला उचलल्या.

आज म्हैस चाऱ्यासाठी रेकायला लागली. मोनानं विळा घेतला आणि आईची चप्पल म्हणून मला पायात घातलं. वाट धुऱ्याकडे वळली, तसा मी सगळा जोर लावला आणि अंगठ्याचा पट्टा तोडला. चपलेला दुसरं काय करता येतं? मोना थांबली. ब्लाऊजची पिन काढली, मला लावली आणि चालू लागली.

आता ती गवतात बसलीय, मी शेजारी आहे. अहो, तुम्हाला तोंड आहे. कुणीतरी जाऊन तिला उठवा.