जाळीत न आलेली हाक

बान नोंगसिम गावात कुणी झाडावरून पडलं, कुणाला म्हशीने उडवलं, की आधी दवाखाना आणि मग याय खामसी, म्हणजे खामसी आजी. दवाखान्यात हाड बसवतात. पण धक्क्याने अंगातून निसटलेला ख्वान, म्हणजे माणसाच्या आतला जीव, पडल्या जागीच भेदरून बसलेला असतो, आणि तो परत येईपर्यंत माणूस धड खातपीत नाही, झोपेत दचकतो, हाक मारली तर ओ देत नाही. त्याला घरी आणणं हे खामसीचं काम. ती आपली मासे धरायची जुनी हातजाळी घ्यायची, तिच्यात उकडलेलं अंडं, चिकट भाताचा मुटका आणि एक केळं ठेवायची, आणि त्या जागी जाऊन, ओढ्यातून मासे उपसावेत तशी हवेतून जाळी फिरवायची.

त्या दिवशी शेजारच्या पेंगबाईचा मुलगा कोंग मोटारसायकलसकट कालव्यात गेला होता. तीस वर्षांचा घोडा, भरदुपारी तांदळाची दारू ढोसून निघालेला. हात मोडला. त्याच्यासाठीही खामसी कालव्यावर गेली आणि तान्ह्या पोराला घालावी तशी साद घातली.

"ये रे माझ्या बाळा, ये. पाण्यापाशी नको बसू, चिखलापाशी नको बसू. आई वाट बघतेय. भात गरम आहे, अंथरूण घातलंय. घाबरू नको, कुणी रागावणार नाही. ये रे राजा."

साठी उलटलेल्या, पुढचे दोन दात पडलेल्या त्या बाईच्या गळ्यात एवढी माया कुठून यायची कोण जाणे. कालव्यावरच्या बायकांचे डोळे भरून आले. मग जाळी छातीशी धरून ती पेंगच्या, खांबांवर उभ्या घराच्या शिडीखाली आली आणि तिने वर तोंड करून विचारलं, "ख्वान आला का?" घरातल्यांनी रीतीप्रमाणे उत्तर दिलं, "आला, आला!" कोंगने अंडं खाल्लं आणि लहान मुलासारखा आईला बिलगून रडला. ख्वान पुन्हा निसटू नये म्हणून खामसीने त्याच्या मनगटावर पांढरा दोरा बांधला.

घरी जाताना तिची सात वर्षांची नात चाबा रिकामी जाळी घेऊन मागून चालत होती.

"याय, माझा ख्वान पडला तर मला पण अशीच हाक मारशील?"

"बडबड पुरे. समोर बघून चाल, नाहीतर तू पण जाशील कालव्यात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावाच्या पोरांना राजा, बाळा. घरच्या पोरीला मात्र सकाळपासून शिव्या. खामसी दुष्ट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. तिच्या जिभेला हाड नव्हतं एवढंच. राग आला की तोंडातून शब्द निघून जायचा, आणि तो कुठे लागला ते तिला नंतर दिसायचं.

त्याच संध्याकाळी चाबाच्या कोपराचा धक्का लागून मुरलेल्या माशांचा माठ कलंडला. वर्षभराचं कालवण फळ्यांच्या फटींतून खाली गळायला लागलं.

"हात आहेत की काठ्या? कुत्र्याच्या पोटी जन्मायची ती माझ्या घरात आलीस! नुसती खा, आणि सांडून ठेव!"

चाबा खांबाला चिकटून उभी राहिली. रडली नाही. ती रडायची नाही, हेच खामसीला सगळ्यात जास्त टोचायचं. मग नेहमीचं झालं. खामसीने पायातली चप्पल काढली, आणि स्वतःच्या तोंडावर तीन वेळा मारली. फाट, फाट, फाट. "मर मेले, तुझं तोंडच वाईट." त्या दिवशी तिने भाताच्या टोपलीला हात लावला नाही.

हा नेम सहा वर्षं चालला होता. ओरडलं की तीन चपला आणि एक उपास. शिक्षा भोगली की खोड मोडेल, अशी तिची समजूत. म्हशीला मारून नांगराला लावतात, मग जिभेला का नाही? पण रिकाम्या पोटी माणूस सकाळी उठतो तो चिडलेलाच. सकाळी पुन्हा शब्द निसटायचा, पुन्हा चप्पल, पुन्हा उपास. खामसी वाळून काटकी झाली होती आणि जीभ होती तशीच धारदार.

सहा वर्षांपूर्वी तिची मुलगी सायफिन अकरा महिन्यांच्या चाबाला सोडून समुद्राकडच्या कारखान्यात कामाला निघाली होती. खामसीला ते नको होतं. 'जाऊ नको, मला तुझ्याशिवाय करमणार नाही,' एवढंच म्हणायचं होतं तिला. पण शिडीच्या तळाशी उभी राहून ती ओरडली ते वेगळंच. "जा! पण गेलीस तर पुन्हा ही पायरी चढू नकोस!"

सायफिन पुन्हा पायरी चढली नाही. चार महिन्यांनी कामगारांना नेणारी गाडी उलटली. बाहेर अपघाताने गेलेल्याला आमच्याकडे गावात आणत नाहीत, घरात तर नाहीच. शवपेटी शहरातून आली ती परस्पर विहारात गेली. सायफिन आपल्या घरावरून शेवटचीसुद्धा गेली नाही. आईचं बोलणं तिने शब्दशः पाळलं. लोक म्हणाले, गाडीचं चाक फुटलं. खामसीला मात्र ठाऊक होतं की आपल्या तोंडानेच पोरीला खाल्लं.

माठ कलंडल्यानंतर तिसऱ्या दिवशी खामसी घरामागे सरपण रचत होती. वर काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग क्षणभर शांतता. आणि मग फाट, फाट, फाट.

ती धावत शिडी चढली. दारात थबकली. फळीवर तांब्या आडवा पडला होता, पाणी सांडलं होतं. चाबा गुडघ्यांवर बसली होती. तिच्या हातात खामसीची चप्पल होती, ओठ लाल झाला होता, आणि ती स्वतःशी हळू पण अगदी स्पष्ट बोलत होती, "मर मेले. तुझे हातच वाईट." मग तिने आपली भाताची छोटी टोपली उचलली आणि कोपऱ्यात उलटी करून ठेवली.

"चाबा! हे काय करतेस?"

"मी पाणी सांडलं, याय."

"म्हणून मारून घ्यायचं?"

चाबाने तिच्याकडे नवल करून पाहिलं. "तू पण मारतेस ना. मी तुझ्या ओरडण्याआधीच मारलं आज. तू ओरडू नयेस म्हणून." मग तिने विचारलं, "याय, किती वेळा मारलं की माणूस चांगला होतो?"

खामसीने तिच्या हातातली चप्पल काढून घेतली. सहा वर्षं ती स्वतःला मारत होती, आणि तिला वाटत होतं की मार एकटीला लागतोय.

खामसी पेंगकडे गेली तेव्हा ती अंगणात सुपारी कुटत बसली होती. खामसीने सगळं सांगितलं. सांगता सांगता सवयीने तिचा हात तोंडाकडे गेला, आणि पेंगने सरळ खलातला बत्ता तिच्या मनगटावर टेकवला.

"खाली ठेव तो हात. तुझ्या तोंडात आहेत तेवढे दात तरी राहू दे."

"मी काय करू गं? पोर माझी चप्पल उचलायला शिकली. उद्या माझीच जीभ पण घेईल. आणखी कडक नेम करते. दोन दिवस उपास."

"कर. आणि तिसऱ्या दिवशी भुकेने पिसाळून पोरीला चाव. अगं, तू माझ्या सुनेला काय सांगितलं होतंस? की रागावल्या घरात ख्वान येत नाही. काठी बघून कोण परत येतो?"

"ते पडलेल्यांसाठी."

"मग तू कोण? शिडीखाली त्या दिवशी सायफिन पडली होय? ती तर चालत गेली. पडलीस ती तू. सहा वर्षं तुझा ख्वान तिथे बसलाय, आणि तू रोज चप्पल दाखवून त्याला म्हणतेस, वर ये."

"मी माझ्या तोंडाने मुलगी घालवली, पेंग. असल्या बाईला कोण हाक मारणार?"

पेंगने पिंक टाकली. "माझा कोंग दारू ढोसून पडला. तू कालव्यावर विचारलंस का, चूक कुणाची? नाही विचारलंस. बाळा म्हणालीस. त्या दारुड्याला बाळा, आणि तुला चप्पल. हा कुठला न्याय?"

खामसी उठली. घरी येऊन तिने अंडं उकडायला ठेवलं.

ऊन कलताना ती जाळी घेऊन स्वतःच्या शिडीखाली उभी राहिली. सगळ्या गावाच्या पडण्याच्या जागा तिने उपसल्या होत्या. ही एक जागा ती रोज नजर चुकवून ओलांडायची. वर दारात चाबा बसली होती.

"खामसी," तिने हाक मारली. आवाज फाटका आला. "चल, ऊठ. किती दिवस बसशील इथे?" हे तर ओरडणंच झालं. आपल्याला प्रेमाने कशी हाक मारतात हेच तिला आठवेना. नवऱ्याने तशी हाक कधी मारली नव्हती. मग खूप मागून, शेताच्या बांधावरून, तिच्या आईचा आवाज आला. आई तिला ई-ला म्हणायची, म्हणजे शेंडेफळ. हे नाव माहीत असलेलं माणूस आता जगात उरलं नव्हतं.

"ई-ला," ती म्हणाली, आणि तिथेच तिचा बांध फुटला. "ये गं ई-ला. इथे नको बसू. तुला तिला थांबवायचं होतं, मला ठाऊक आहे. तुला नीट बोलता आलं नाही. चुकलं, फार चुकलं. पण आता घरी ये. भात गरम आहे. कुणी मारणार नाही तुला. ये गं बाई, पोर वाट बघतेय."

जाळी फिरवता फिरवता तिच्या तोंडून दुसरं नाव आलंच. "आणि सायफिन, तू पण ये. चढ गं पायरी. मी तसं म्हटलंच नव्हतं. चढ ना."

तिने जाळी पुन्हा पुन्हा फिरवली. गेलेल्यांचा ख्वान जाळीत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण हात थांबेना. शेवटी दमून तिने जाळी छातीशी धरली आणि वर पाहून विचारलं, "ख्वान आला का?"

त्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. चाबाला उत्तर पाठ होतं, गावभर ऐकलेलं. तरी ती बराच वेळ आजीच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट पारखून घ्यावं तशी.

"तुझा आला," ती म्हणाली. मग हळूच, "आईचा?"

खामसीला खोटं बोलता आलं असतं. सात वर्षांच्या पोरीशी सगळेच बोलतात. पण ती शिडीच्या तळाशी बसली आणि म्हणाली, "नाही गं बाळा. तिचा नाही आला. येणार पण नाही. मी इथेच उभी राहून तिला ओरडले होते, पायरी चढू नकोस म्हणून. खूप वाईट बोलले. आणि मग तिला परत यायला वेळच मिळाला नाही."

चाबा एक एक पायरी उतरून आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. ती रडत होती. ती कळती झाल्यापासून खामसीने तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. बाळा हा शब्द तिला पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तोही कसली बातमी घेऊन.

दोघींनी अंडं अर्धं अर्धं खाल्लं. दोरा बांधायला एक हात पुरत नाही, म्हणून खामसीच्या मनगटावर चाबानेच बांधला, वेडीवाकडी गाठ मारून.

खोड एका दोऱ्याने जात नाही. दहाव्या दिवशी कोंबडीने भात उधळला आणि खामसी पुन्हा ओरडली, तसंच, त्याच शब्दांत. ओरडून झाल्यावर तिचा हात चपलेकडे गेला. खांबापाशी उभ्या चाबाचाही हात वर आला होता, स्वतःच्या तोंडाजवळ, तयारीत.

खामसीने चप्पल पायात घातली. "चुकलं माझं, बाळा," ती म्हणाली. "भूक लागली होती, दमले होते, आणि तुझ्यावर ओरडले. तुझं काही चुकलं नव्हतं." मग तिने दोन्ही टोपल्या पुढे ओढल्या, आणि त्या संध्याकाळी, ओरडल्यानंतर सहा वर्षांत पहिल्यांदा, ती जेवायला बसली. पहिला घास तोंडात फिरत राहिला. सायफिनच्या उपाशी आत्म्यासमोर आपण खातोय असं तिला वाटलं. उपास सोपा होता, हा घास गिळणं फार जड होतं.

चाबा टक लावून बघत होती. आजीच्या गळ्याखाली घास उतरलेला दिसला, तेव्हा कुठे तिचा वर आलेला हात खाली आला, आणि तिने आपली टोपली उघडली.