ओटीतलं खोबरं

करदोड्यातल्या चांदीच्या मण्यावरून फिरताना जवानाच्या हातातलं यंत्र किंचाळलं आणि पिराजीअण्णांचं टाळकंच सटकलं. कोल्हापूरच्या विमानतळावर, चारचौघांत, नातू शोभेल अशा पोरानं त्यांना सदरा वर करायला लावला होता. घड्याळ काढून झालं, पट्टा काढून झाला, चपला काढून झाल्या. आता कातडं तेवढं सोलून ट्रेमध्ये ठेवायचं राहिलं होतं.

"मी काय चोर हाय व्हय रं?" अण्णा गरजले.

"तपासणी सगळ्यांचीच असते, काका," जवान शांतपणे म्हणाला.

शेजारच्या बायकांच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. अण्णांनी मान वळवली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. शहाजादी! त्यांच्याच गावची, हैदराबादला लेकाकडं निघालेली. आख्ख्या मुलखात आज, याच विमानाला, हीच बाई यायची होती.

ती का हसली, हे अण्णांना पुरतं ठाऊक होतं. कागलजवळच्या त्यांच्या गावातल्या दूध संस्थेत तीस वर्षं ते टेस्टर होते. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या किटलीत त्यांचं माप बुडायचं. नमुन्याचं दूध परत मिळत नसे, आणि कुणी कुरकुर केली की अण्णा ऐकवायचे, "तपासणी सगळ्यांची हाय." तीस वर्षांत पाण्याचं दूध सापडलं अकरा वेळा. एवढ्यासाठी रोज शंभर माणसं चोरासारखी उभी करता होय, असं एकदा सरपंचानं विचारलं, तेव्हा अण्णा ताठ्यात म्हणाले होते, "तपासतोय म्हणून अकरा. न्हायतर गावची इहीर संस्थेत आली असती."

त्या अकरांत एक शहाजादी होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या म्हशीच्या दुधाची डिग्री लॅक्टोमीटरवर कमी लागली, म्हणजे दुधात पाणी. "ओतू नगा अण्णा, घरात पोरं हायत, ती पितील," म्हणून ती काकुळतीला आली. नियम म्हणजे नियम. अण्णांनी किटली सगळ्यांदेखत गटारीत उपडी केली आणि महिनाभर तिचं नाव संस्थेच्या फळ्यावर ठेवलं.

"ही पिशवी कुणाची?" यंत्रापलीकडून दुसऱ्या जवानानं विचारलं. "खोबरं आहे का आत? वाळलेलं?"

पिशवीत हिरवा खण होता, हळकुंडं होती, सुपारी होती आणि खोबऱ्याची एक वाटी.

"लेकीची ओटी हाय," अण्णा म्हणाले. "आज दुपारी हैदराबादला तिचं डोहाळजेवण हाय."

"बाकी सगळं न्या. खोबरं जाणार नाही. तेल असतं त्यात, पेट घेतं."

"आरं, इमानाच्या पोटात टाक्या भरून त्याल हाय, त्ये चालतंय. आणि माझ्या वाटीतलं तेवढं पेट घेतंय व्हय?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. जवान हसला नाही.

ती वाटी बाजारातली असती तर अण्णांनी केव्हाच तिच्यावर पाणी सोडलं असतं. पण तेजस्वीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिची आई, चिमणाबाई, अंथरुणाला खिळलेली होती. पडल्या पडल्या तिनं घरामागच्या परड्यातल्या झाडाचा नारळ उतरवून घेतला, फोडून घेतला, उन्हात वाळवून घेतला. वाटी आपल्या हातानं पुसून खणात गुंडाळली. "मी असले-नसले तरी तेजूच्या ओटीत हीच पडू दे," म्हणाली, आणि पुढच्याच महिन्यात गेली. आईच्या हातचं लेकीला द्यायचं एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात विमानाची शेवटची हाक झाली. वाटी घरी धाडावी, तर पोचवायला आलेला पुतण्या एव्हाना कागलच्या पुढं गेला असणार. अण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"टाकू नगो बाबा. हितंच कुठंतरी ठीव. चार दिसांनी परत आलो की घिऊन जातो. मेलेल्या बायकोच्या हातचं हाय ते."

"ठेवायची सोय नाही, काका. नियम आहे."

वाटी टोपलीत पडली. लायटर, कात्र्या आणि कुणाच्या तरी दाढीच्या पात्यांवर. अण्णांना त्या पोराच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच वेळी ढसाढसा रडावंसं वाटलं.

पलीकडं शहाजादीनं, महिला पोलीस काही बोलायच्या आधीच, दोन्ही हात वर केले होते. "सवय हाय मला," ती म्हणाली. तपासणी संपली, तशी ती अण्णांजवळून गेली. "नशीब म्हणा अण्णा, गटारीत तरी न्हाय टाकलं."

विमानात ती पुढच्याच रांगेत बसली. तासभर अण्णांसमोर तिच्या पांढऱ्या ओढणीचं टोक होतं. विमान हैदराबादला सुखरूप उतरलं. वाटी मागं राहिली म्हणून उतरलं, की ती असती तरी उतरलंच असतं? हे कुणी कसं सांगायचं? तीस वर्षं गावाला छातीठोक सांगणाऱ्या अण्णांना आज ते सांगता येईना.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगता येत होती. शहाजादीचं दूध ओतल्याला आठ दिवस झाल्यावर त्यांना लॅक्टोमीटरच्या काचेत केसाएवढी चीर दिसली होती. त्यांनी गुपचूप नवा आणला. फळ्यावरचं नाव तसंच राहू दिलं, कारण पुसलं असतं तर टेस्टर चुकला असं गाव म्हणालं असतं.

लोक उतरायला उठले. अण्णाही उठले.

"शहाजादी," ते खाकरून म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या दुधात पाणी न्हवतं. यंत्रच फुटकं हुतं."

शहाजादीनं वरची बॅग काढली, खांद्याला लावली आणि मग वळून पाहिलं.

"त्ये मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "दूध माझं हुतं, मला तवाच ठाव हुतं. गावात जाऊन फळ्यावर लिवा."