सगळे बसल्यावर लिंबू

मी एक वाडगा. लाकडी, रुंद तोंडाचा, एका बाजूला जरा जाड. सध्या मुक्काम फ्रीजच्या डोक्यावर. माझ्या पोटात काय काय आहे ते ऐका: कुठल्या कुलपाच्या आहेत ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्या, संपलेले सेल, अर्धवट राहिलेली गोळ्यांची पाकिटं आणि एक लिंबू. लिंबू म्हणायचं आपलं, वाळून गोटीसारखं टणक झालंय. माणसांना रिकामं भांडं बघवत नाही. दिसलं की टाक त्यात किल्ल्या! पण मला सॅलडसाठी घडवलं होतं. हे ठाऊक असलेला एकच माणूस आता या घरात उरलाय आणि तो माझ्याकडे बघत नाही, म्हणून मीच बोलतोय.

मला घडवणारा माणूस टेबलांचे पाय घडवायचा. फर्निचरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून दिवसभर पायच पाय. सगळे त्याला दादा म्हणायचे. एकदा लाकडाचा एक ठोकळा बाजूला पडला. मधोमध गाठ असल्यामुळे तो पायाच्या कामाचा नव्हता, जळणात जायचा होता. दादानं जेवणाच्या सुट्टीत तो लेथवर चढवला. गाठीपाशी हत्यार अडायला लागलं, तशी ती बाजू त्यानं जाडच ठेवली.

मुकादम जाता जाता थांबला आणि म्हणाला, "दादा, हा वाडगा आहे की हेल्मेट?"

दादानं भुसा झटकला. "घरी एक डोकं आहे. बघतो बसतं का."

आणि घरी आल्यावर खरोखरच त्यानं मला छोटूच्या डोक्यावर घातलं. छोटू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, शाळेची बस चालवणारा. तेव्हा त्याला केस होते. पुढे टक्कल पडलं, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी गल्लीत तो छोटूच राहिला. दोघांनीही लग्न केलं नाही. कुणी विचारलंच, तर छोटू दादाकडे बोट दाखवून म्हणायचा, "घरात एक सासू आहे, तेवढी पुरे."

सासू होतीच म्हणा! स्वयंपाकघरात दादाचा शब्द शेवटचा. बाकी स्वयंपाक तो जेमतेमच करायचा. भात कधी चिकट, कधी कच्चा. पण सॅलड करावं तर त्यानं. पानं धुऊन, पंचावर पसरून, अगदी कोरडी करून घ्यायचा. काकडीचं टोक आधी स्वतः चाखायचा, कडू निघाली तर तिला शिवी हासडून बाजूला. कांदा गार पाण्यात, टोमॅटोच्या बिया काढून टाकलेल्या, गाजराचे इतके पातळ काप की पलीकडचं दिसावं. लेथवरचा हात तो. मग सगळं माझ्या पोटात, आणि तेव्हा मला वाटायचं की आपणही या घरात कुणीतरी आहोत.

पण मीठ आणि लिंबू मात्र आधी नाही. सगळे जेवायला बसल्याशिवाय लिंबू पिळायचं नाही, हा त्याचा नियम. छोटू आंघोळीला गेला असेल, फोनवर असेल, चप्पल शोधत असेल, दादा लिंबू हातात धरून बसून राहायचा.

"पीळ की, येतोय मी," छोटू आतून ओरडायचा.

"तू ये, मग पिळतो."

"एवढं काय बिघडतं रे?"

"पाणी सुटतं."

पाणी सुटतं हे खरंच. पण कारण निराळं होतं, ते दादानं मला तेल लावताना एकदा छोटूला सांगितलं. त्यांची आई सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसायची. तोवर मीठ-लिंबानं सगळं मऊ पडलेलं असायचं आणि तिच्या वाट्याला भांड्याच्या तळाचं पाणी यायचं, त्यात दोन-चार लिबलिबीत पानं. "आईनं कुरकुरीत काकडी कधी खाल्लीच नाही रे," दादा म्हणाला, "आणि आपल्याला ते दिसलंसुद्धा नाही." त्यानंतर हाक मारली की छोटू लगेच येऊन बसायला लागला.

माझ्यासारख्या वाडग्याला साबण चालत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, सुकू द्यायचं आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा. दादा हे काम बोटांनी करायचा, गाठीपाशी जरा जास्त वेळ. लाकूड जिवंत राहावं असं वाटत असेल तर त्याला कोरडं पडू द्यायचं नाही, असं तो म्हणायचा. त्याची बोटं खरखरीत होती. मला त्यांची सवय झाली होती.

मग दादा आजारी पडला.

रक्ताचा आजार, एवढंच मला कळलं. औषधं अशी जालीम होती की आजाराबरोबर अंगातली ताकदही धुऊन नेत. पानावरचा साधा जंतूसुद्धा महागात पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. कच्चं काही म्हणजे काही द्यायचं नाही, सगळं उकडून. छोटूनं ते इतकं मनावर घेतलं की तो घरातली प्रत्येक वस्तू उकळायला लागला. चमचे उकळले, पाणी तर दोनदा. माझं नशीब म्हणून मी पातेल्यात मावलो नाही.

ताटात उकडलेलं गाजर आलं की दादा ते काट्यानं उचलून उजेडात धरायचा. "छोटू, हे गाजर नाही रे. हे गाजराचं पार्थिव आहे."

"गप खा."

"निदान मीठ तरी?"

"मीठ बेतानं सांगितलंय."

दादा खायचा. छोटूही तेच खायचा. त्याला काही पथ्य नव्हतं, पण समोर बसून तो वेगळं काही खाणार नव्हता.

एका संध्याकाळी छोटू बस लावून घरी आला, तर दादा टेबलापाशी बसलेला आणि हातात काकडी. कच्ची. उकडायला म्हणून छोटूनंच आणून ठेवलेली. दादानं ती धुतली होती, टोकही कापलं होतं. तोंडापाशी नेली तेवढ्यात छोटूनं झडप घातली.

"मरायचंय का तुला?"

छोटूचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. बसमध्ये पोरांनी आभाळ डोक्यावर घेतलं तरी हा माणूस आरशातून फक्त बघायचा. शब्द तोंडातून गेला आणि त्याचाच चेहरा पडला. त्यानं ती काकडी उकळत्या पाण्यात टाकली आणि आमच्याकडे पाठ करून शेगडीपाशी उभा राहिला.

दादानं सुरी बाजूला ठेवली. म्हणाला, "बरं, असं करू. ज्या दिवशी डॉक्टर म्हणतील ना, कच्चं खा, त्या दिवशी समजायचं, सुटलो. त्याच दिवशी सॅलड. ठरलं?"

"ठरलं," छोटू शेगडीकडेच बघत म्हणाला.

त्यानंतर दोघंही त्या एका दिवसाची वाट बघत राहिले. मीही बघत होतो. प्रत्येक वेळी दवाखान्यातून आल्यावर दादा मला हात लावून म्हणायचा, "अजून नाही म्हणे." पण तेल लावायचं त्यानं थांबवलं नाही. पुढे पुढे बाटली नीट धरवेना, तेल टेबलावर सांडायचं. तरी लावायचा.

आणि तो दिवस आला. त्या दिवशी दादाला दवाखान्यात जायचंही बळ नव्हतं, म्हणून तपासणीचे कागद घेऊन छोटू एकटाच गेला होता. परत आला तो दारातूनच ओरडत. दोन्ही हातांत पिशव्या, पानं बाहेर डोकावतायत, टोमॅटो घरंगळून माझ्याशेजारी आले.

"दादा! म्हणाले, खाऊ दे! काय हवं ते खाऊ दे म्हणाले! पथ्य बंद!"

दादा खुर्चीत सरळ झाला. "कच्चं?"

"कच्चं, पक्कं, काहीही! मी दोनदा विचारलं. म्हणाले, त्यांना आवडेल ते द्या."

दादाच्या तोंडावर हसू आलं. काय हसू होतं ते! मला वाटलं, सुटलो आपण. मग त्यानं विचारलं, "आणखी काय म्हणाले?"

"आणखी काय? त्या मोठ्या गोळ्या बंद. दुखलं तरच ती छोटी द्यायची. आणि पुढची तारीखच नाही दिली! म्हणाले, आता एवढ्या लांब आणायचा त्रास नको त्यांना, काही वाटलं तर फोन करा. सुटलो बघ त्या रांगेतनं. माणूस फार चांगला रे. दारापर्यंत सोडायला आले, खांद्यावर हात ठेवला."

दादाचा अंगठा माझ्या काठावरून फिरत होता. तो गाठीपाशी थांबला. मला तेव्हा कळलं. दादालाही कळलं होतं. एकट्या छोटूला कळलं नव्हतं, तो पिशवीतून लिंबं काढत शीळ घालत होता.

दादानं त्याला काही सांगितलं नाही. म्हणाला, "मग बघतोस काय? काढ तो पंचा. आज तू करायचं. मी नुसता बसून सांगणार."

"मी? मला कुठं जमतंय?"

"जमेल. धू ती पानं."

छोटूनं पानं धुतली. "कोरडी कर. आणखी. ओल्या पानाला मीठ-लिंबू धरत नाही. सुरी नको, हातानं तोड." काकडीचं टोक छोटूनं चाखलं, तोंड वाकडं केलं, दादासारखीच शिवी हासडली. दोघंही हसले. कांदा पाण्यात पडला. टोमॅटोच्या बिया निघाल्या. गाजराचे काप म्हणाल तर फरशा झाल्या होत्या, पण दादा म्हणाला, "चालेल." दादा असल्या गाजराला चालेल म्हणणारा माणूस नव्हता.

"आता पहिल्यापासून सगळं सांग बघू."

"आता कशाला परीक्षा? तू आहेस ना."

"सांग तर."

छोटूनं पोरांनी धडा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं.

"आणि वाडग्याला साबण लावायचा नाही. मधून मधून तेल लावायचं, गाठीपाशी जरा जास्त. विसरायचं नाही."

"ते तू लाव की. बरा झालास आता."

दादा गाठीवर अंगठा फिरवत राहिला.

छोटूचे हात हळूहळू थांबले. त्यानं दादाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. डॉक्टरांचा खांद्यावरचा हात त्याला आत्ता जाणवला असावा. सगळी गल्ली डोळ्यांसमोर असून त्याला काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात दादा हळूच म्हणाला, "लिंबू सगळे बसल्यावर. आणि हे बघ छोटू, सगळे म्हणजे असतील तेवढे. किती होते ते मोजत बसायचं नाही. असतील तेवढे बसले की पिळायचं. कळलं?"

छोटूनं मान हलवली. पण त्याला ऐकू गेलं नव्हतं. ते मला ठाऊक आहे, मी दोघांच्या मधोमध होतो. ते वाक्य फक्त मी ऐकलं.

मग छोटू बसला आणि त्यानं लिंबू पिळलं. दादानं काकडीची एक फोड दाताखाली घेतली, तिचा कुरकुर आवाज झाला. औषधांनी तोंड आतून सोललेलं, लिंबू झोंबलं असणार. दुसरा घास तो घेऊ शकला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि छोटूच्याही.

"लिंबू आंबट आहे," छोटू म्हणाला.

"झकास झालंय," दादा म्हणाला.

तो महिना संपायच्या आत दादा गेला.

त्यानंतर काही दिवसांनी छोटूनं मला फळीवरून खाली घेतलं. पानं कोरडी केली, हातानं तोडली. गाजराचे काप पातळ जमले, दादानं बघायला हवे होते. सगळं माझ्या पोटात नीट मांडून तो टेबलाशी बसला, हातात लिंबू. आणि समोरच्या खुर्चीकडे बघत राहिला. मी वाट बघतोय, तो वाट बघतोय. पानं मलूल पडली, काकडीच्या कडा वाळल्या. मग त्यानं उठून सगळं कचऱ्यात ओतलं. असं त्यानं पुन्हा केलं, पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी सॅलड आधीच्यापेक्षा चांगलं, दर वेळी कचऱ्यात. शेवटच्या खेपेला ते लिंबू माझ्यातच टाकून त्यानं मला फ्रीजवर ठेवलं. किल्ल्या नंतर आल्या.

आता तो मोरीपाशी उभ्या उभ्या जेवतो. काय, माहीत आहे? उकडलेलं गाजर, मीठ बेतानं. ज्याचं पथ्य होतं तो गेला आणि हा ते पाळत बसलाय.

मला किती दिवसांत तेल नाही. मागे एकदा दुपारच्या उन्हात गाठीपाशी कट्कन आवाज झाला. तिथं आता चीर आहे, नख जाईल एवढी. तेल घातलंत तर टेबलावर गळेल. तरी मला त्याचं काही वाटत नाही. एका माणसाची शेवटची गोष्ट माझ्यापाशी राहिली आहे आणि ज्याच्यासाठी ती सांगितली, त्याला ती सांगायला मला जीभ नाही. दादानं पटाशीनं मला सगळं दिलं, एवढंच दिलं नाही.

छोटू, हे वाळलेलं लिंबू टाकून दे. ताजं आण. ती मोरी सोड, इकडे ये, खुर्ची ओढ. असतील तेवढे, असं म्हणाला होता रे तो. तू आहेस ना? मग बस.

बसलास? सगळे बसले. पीळ लिंबू.