धुराडं कापायचं नाही

मी धुराडं बोलतोय. पिकअप गाडीच्या हौद्यातून थेट आभाळाकडे तोंड करून उभा आहे, पाच इंच रुंद आणि माझ्या मालकिणीपेक्षा उंच. नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. मला त्याची सवय आहे. धुराडं म्हटलं की लोकांना काळा धूर सोडत गावभर फिरणारी टवाळ पोरंच आठवतात.

माझा जन्म कारखान्यात जोडीनं झाला. आम्ही दोघं भाऊ एका खोक्यात होतो, अंगावर क्रोमची झिलई, डोक्याशी तिरका काप. वाटेत ट्रकमधून खोकं पडलं आणि भाऊ मधोमध चेपला. त्याला परत पाठवलं. मी एकटाच कर्टिसच्या गॅरेजात खिळ्याला लटकत राहिलो. एकट्या धुराड्याला कोण विचारतं? येणारा प्रत्येक पोरगा मला टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "जोडी नाही? मग राहू दे."

मार्च महिन्यात आर्डिस किस्लर दुकानात शिरली. वय त्रेसष्ट, गुडघा दुखरा, बुटांना चिखल. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते धुराडं माझ्या गाडीला बसव."

कर्टिसला हसू आवरेना. "आर्डिसबाई, नातवासाठी का?"

"मला नातू नाही. गाडी माझी, गहू माझा, धुराडंही माझ्यासाठीच. हसून झालं की टेप घे."

"अहो, पण बसवायचं तर जोडी बसवा. दोन्ही बाजूंना. एकच कसं दिसेल?"

"मला दिसण्याशी काय करायचंय? धूर एका भोकातून जात नाही का?"

तेवढ्यावरच माझं तिच्याशी जमलं.

तिला मी का हवा होतो, ते आता सांगतो. दोन हंगामांपूर्वी कापणीच्या दिवसांत ती माणसांचं जेवण घेऊन शेतात गेली होती. तिच्या गाडीची जुनी धूरनळी पोटाखालून मागे गेलेली होती, जमिनीपासून वीतभर वर. गाडी धसकटांत उभी राहिली. तापलेल्या नळीला वाळकी काडी लागली, वारा होताच, आणि बघता बघता तिच्या भावाच्या, मर्लच्या, टेकडीवरचा उभा गहू जळून खाक झाला. माणसं वाचली, एवढंच नशीब.

आर्डिसनं त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या गाडीनं आग लागली." तिनं कुठलीही सबब पुढे केली नाही. पण तेव्हापासून, शेतात एका गाडीतून दुसरीत बोलायचा जो रेडिओ असतो, त्यावर मर्लचा एकच मंत्र चालू झाला. "आर्डिस, खडीवर थांब." खडीचा रस्ता शेताच्या कडेनं जातो. तिनं तिथे गाडी लावायची आणि जेवणाचे डबे, डिझेलचे कॅन हातानं ओढत आत न्यायचे. अर्धी जमीन बापानं तिच्या नावावर केलेली, आणि स्वतःच्याच शेतात तिला गाडी नेता येईना. वर मर्ल गोड आवाजात म्हणायचा, "या वयात कशाला ही दगदग? तुझा वाटा मला कसायला दे आणि घरी बस." अस्सा राग यायचा तिला! मलाही नुसतं ऐकून येतो.

तर कर्टिसनं हौद्याच्या तळाला खडूनं गोल काढला, अगदी चालकाच्या पाठीमागे. "बाई, एकदा भोक पडलं की पडलं. बुजवता येत नाही."

"पाड."

भोक पडलं. कर्टिसनं खालची जुनी नळी सोडवली, नवी नळी चासीच्या आतून उंचावरून आणली, खाली पत्र्याचं कवच लावलं, मध्ये सायलेन्सर बसवला आणि मला वर उभं केलं. आता गाडीच्या पोटाखाली काडीला शिवेल असं तापलेलं काही राहिलं नव्हतं. इंजिन सुरू झालं तशी मी पहिली ढेकर दिली. आर्डिस मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी अशा कौतुकानं बघत होतं.

गावात मात्र गप्पांना ऊत आला. चर्चच्या बाहेर, धान्याच्या कोठाराशी, जिथे तिथे तेच. "म्हातारीला म्हातारचळ लागला!" एका पोरानं तर विचारलं, "आजी, शर्यत लावता का?" ती म्हणाली, "आधी तुझ्या गाडीचा हप्ता फेड, मग लावू."

जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, गहू पिकला आणि आमची सगळ्यांचीच चूक उघडी पडली.

आमच्याकडे कापणीच्या दिवसांत पाण्याच्या टाकीशिवाय कुणाची गाडी शेतात जात नाही. आग लागली तर जो जवळ असेल त्यानं पाणी मारायचं, हा सगळ्यांचा नेम. आर्डिसच्या गाडीत दर उन्हाळ्यात बापाच्या वेळची लोखंडी टाकी चढते, केबिनला चिकटून. आणि मार्चमध्ये? मार्चमध्ये हौदा रिकामा होता! मोजमाप घेताना टाकी ना कर्टिसच्या ध्यानात आली, ना आर्डिसच्या. टाकी उचलून हौद्यात ठेवायला गेले, तर तिच्या जागेत मी छाती काढून उभा.

मर्लला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. "बघ! मी म्हणत होतो ना? काप ते नळकांडं. नाहीतर खडीवर थांब."

कर्टिस मान खाली घालून करवत घेऊन आला. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. कमरेत कापला गेलो असतो तर भंगारातच गेलो असतो. आर्डिसनं टाकीचा कोपरा वितीनं मापला.

"कर्टिस, धुराडं कापायचं नाही. टाकी काप."

"काय?" मर्ल ओरडला. "अगं, बापाची टाकी आहे ती!"

"बाप माझाही होता. कोपरा काप कर्टिस, आणि आतून पत्रा जोड. माझ्या अर्ध्या वाट्यातनं काप म्हणजे ह्याचं काही जायचं नाही."

मर्ल तणतणत निघून गेला. कर्टिसनं कोपरा कापला, पत्रा जोडला, पाणी भरून गळती पाहिली. एक थेंब गळला नाही. टाकी माझ्या कुशीत चपखल बसली, मध्ये जाळी लावून. तेव्हापासून तिच्या कोपऱ्यातलं पाणी जरा कोमट असतं, पण आगीची त्याबद्दल तक्रार नसते.

कापणीच्या पहिल्या दिवशी आर्डिस खडी सोडून सरळ शेतात वळली. हौद्यात डिझेल, पाणी, आणि कोबी-खिमा भरलेल्या गरम पावांची टोपली. मर्ल आधीच धसकटांत त्याची गाडी लावून उभा होता, भोवती हार्वेस्टरवाले. तो आडवाच आला.

"मागे घे."

"जवळ येऊन बघ आधी. गाडीखाली शीर आणि हात लावून बघ. कुठे काडी लागतेय ते दाखव, मी इथूनच परत जाते."

मर्ल हट्टी असला तरी लबाड नाही, हे मी मान्य करतो. तो आडवा झाला, पाठीवर सरकत खाली गेला. टॉर्च फिरवला. कवचावर हात ठेवला आणि तो तिथेच बराच वेळ ठेवला. बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला काड्या चिकटल्या होत्या, पण तळहाताला चटका बसला नव्हता.

"आता तुझ्या गाडीखाली बघ," आर्डिस म्हणाली.

"माझ्या? माझ्या गाडीनं कधी..."

"मर्ल. बघ."

सगळे बघत होते, त्याला वाकावंच लागलं. त्याच्या नळीभोवती वाळका पेंढा घट्ट अडकला होता, अर्धा करपलेला. दोन वर्षं मर्ल असाच शेतभर गाडी हिंडवत होता. आग लागली नव्हती, ती केवळ त्याच्या नशिबानं. मर्लनं हातानं तो पेंढा ओढून काढला, बोटं भाजली तरी थांबला नाही. मग गाडीत बसला आणि गाडी खडीवर नेऊन लावली. तिथून तो पायी परत आला, सावकाश, सगळ्यांच्या समोरून.

दुपारी आम्ही आणखी डिझेल भरून आणून खडीवर पोचलो, तेवढ्यात रेडिओ खरखरला. टेकडीवरच्या हार्वेस्टरमधून मर्ल बोलत होता.

"आर्डिस... डिझेल संपत आलंय."

"बरं."

रेडिओ पुन्हा खरखरला.

"आत ये."

"ऐकू नाही आलं, मर्ल." चांगलं ऐकू आलं होतं तिला, मी साक्षीदार आहे. पण त्याच रेडिओवर सगळी माणसं दोन वर्षं 'खडीवर थांब' ऐकत होती ना?

"आत ये म्हणतोय! शेत तुझंही आहे, बाई. ये."

आर्डिसनं बाहीनं डोळे पुसले आणि ॲक्सिलरेटर असा दाबला की मी सगळ्या टापूला ऐकू जाईल असा डरकाळलो.

आज माझी झिलई उडाली आहे. उष्णतेनं अंग निळं-तपकिरी पडलंय. गाडी उभी असली की पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून डोक्यावर सूपचा रिकामा डबा पालथा घालतात. सुंदर मी राहिलो नाही, पण अजून ताठ उभा आहे. कर्टिसकडे आता मर्ल आणि आणखी चार शेतकरी माझ्यासारखंच एकेकटं धुराडं मागायला येऊन गेलेत, टाकीचं माप खिशात घालून.

तरीही कुणाला माझा आवाज खुपतच असेल, तर माझी एकच विनंती आहे. आमच्या शेताच्या कडेला खडीचा लांबलचक रस्ता आहे. तिथे उभे राहा. आम्हाला आत काम आहे.